आईनं दिलेली नावं

ढोल आधी तापवावा लागतो, हे मला दहाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की ढोल घ्यायचा आणि वाजवायचा. पण आमच्या घरमालकीण उम्म मुबारक शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या, नमाजानंतर आवाराच्या दाराशी खजुराच्या वाळक्या झावळ्या पेटवायच्या आणि घरातले ढोल त्या जाळाभोवती आडवे मांडायच्या, चामड्याची तोंडं आगीकडे करून. मग शेजारीच बसून थोड्या थोड्या वेळानं एकेकाला टिचकी मारायच्या आणि कान लावायच्या. "अजून झोपलाय," म्हणून एखादा पुढे सरकवायच्या. "हा उठला," म्हणून दुसरा बाजूला घ्यायच्या. तापलेल्या चामड्याचा वास, झावळ्यांचा धूर आणि खाडीवरून येणारा ओहोटीचा खारट वारा. माझ्या मोठं होण्याच्या दिवसांना हाच वास आहे.

आज मी अबू धाबीत अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर राहते. इथे खिडकी उघडत नाही, त्यामुळे कसलाच वास येत नाही. हे लिहायला बसले तेव्हा मुलानं मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "इन मराठी? मम्मा, हू विल रीड इट?" मी म्हटलं, तुझे आजोबा वाचताहेत असं धरून लिहितेय. आजोबांना जाऊन पुष्कळ वर्षं झालीत हे त्याला माहीत आहे. त्यानं स्वतःहून चहा करून आणला.

दुबई सोडून किनाऱ्यानं वर गेलं की लहान लहान अमिराती लागतात. त्यातल्या एकीत, खाडीच्या तोंडाशी, आमचा फरीज होता. फरीज म्हणजे मोहल्ला. कुठली अमिरात ते सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथेच आहेत आणि त्यांना न विचारता त्यांचा पत्ता देणं बरं नव्हे. अब्बा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, नकाशे काढायचे. मुरूडला माझी चौथी मराठी शाळेत पुरी झाली, तेव्हा त्यांनी अम्मीला आणि मला इकडे आणलं. उम्म मुबारकच्या आवारात उजव्या हाताला दोन खोल्या होत्या, त्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. नळ एकच, अंगणात. वाळत घालायची दोरी एकच. भिंतही मधली एकच, आणि ती इतकी पातळ की अम्मीनं लसूण ठेचला तर पलीकडून उम्म मुबारक विचारायच्या, "आज मासे का?"

त्या उंच होत्या, काळ्याभोर, आणि बाहेर निघताना चेहऱ्यावर तिथल्या जुन्या बायका लावतात तसा चकचकीत कापडाचा मुखवटा लावायच्या. घरात आल्या की तो काढून खुंटीला अडकवायच्या. मग त्यांचा खरा चेहरा दिसायचा: रुंद कपाळ, आणि हसल्यावर बारीक होणारे डोळे. मी त्यांना 'खालती' म्हणायचे, म्हणजे मावशी. अम्मीचं अरबी पहिली दोन वर्षं 'यल्ला', म्हणजे चला, आणि 'खलास' यांच्यापलीकडे गेलं नाही, त्यांची हिंदी त्याहून थोडी बरी. तरी दोघी अंगणात तासन्‌तास बोलायच्या. बोलणं मुख्यतः जेवणाचं असायचं. अम्मी तांदळाची भाकरी थापायची, ते बघायला त्या मुद्दाम यायच्या आणि तव्यावरून फुगलेली भाकरी उतरली की लहान मुलीसारख्या टाळी वाजवायच्या. त्या सुकवलेल्या मोरी माशाचा कीस हळद-लिंबू घालून परतायच्या आणि सोबत नारळाच्या रसातला भात करायच्या. अम्मीनं तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा घास तोंडात तसाच धरून अब्बांकडे पाहिलं. "हा तर आपल्याकडचा भात," ती म्हणाली. उम्म मुबारकना अब्बांनी ते अरबीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा माझ्या पणजीचा भात. ती समुद्रापलीकडून आली. आली म्हणजे, आणली गेली."

तेव्हा मला प्रथम समजलं की फरीजमधली ही सगळी काळी माणसं, जी आपसात अरबी बोलत, अरबी कपडे घालत, त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांत घालून इकडे विकले गेले होते. पुरुषांना मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायला लावलं, बायकांना घरकामाला. हे त्या रडून सांगत नसत. पाऊस किती पडला सांगावं तसं सांगत. त्या दिवशी अब्बांनी त्यांना आमच्या मुरूडच्या जंजिऱ्याचं सांगितलं: समुद्रात उभा असलेला किल्ला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या राखणारे सिद्दी, तेही मूळचे आफ्रिकेचेच.

"म्हणजे आमचे लोक? तुमच्याकडे राजे होते?" उम्म मुबारकनी विचारलं.

"होते. कुणाला तो किल्ला घेता आला नाही."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की अंगणातली कबुतरं उडाली. "आणि मी इथे तुझ्याकडून भाडं घेते म्हणून मला संकोच वाटत होता!" त्या म्हणाल्या.

शुक्रवारचे ढोल म्हणजे लेवा, या लोकांचं गाणं आणि नाच. फरीजच्या मधोमध एक मोकळं वाळूचं मैदान होतं आणि त्याच्या कडेला एक जुनं बोरीचं झाड. त्या मैदानात ढोल उभे राहायचे, एक म्हातारा आपल्या सनईसारखंच वाद्य वाजवायचा, त्याला म्हणायचेही ते 'सुरनाई', आणि कुणीतरी तेलाच्या रिकाम्या डब्यावर दोन काठ्यांनी ठेका धरायचा. माणसं त्यांच्याभोवती गोल फिरायची. घाई नाही, उड्या नाहीत. दोन पावलं पुढे, किंचित झोका, पुन्हा पाऊल. गाण्यात अरबी शब्द असत आणि मधेच असे शब्द येत की जे फरीजमध्ये कुणालाच कळत नसत. ते शब्द सगळे जण मात्र जिवापाड जपून, एकाही अक्षराला धक्का न लावता म्हणत. मी एकदा उम्म मुबारकना विचारलं, अर्थ माहीत नाही तर म्हणता कशाला? त्या म्हणाल्या, "अर्थ हरवला तो आमच्या हातात नव्हता. आवाज आमच्या हातात आहे."

मी पुढे भाषांतरकार झाले. आयुष्यभर अर्थच इकडून तिकडे वाहिले. त्या वाक्याचं भाषांतर मला अजून कुठल्याच भाषेत नीट करता आलेलं नाही. इथे केलं आहे ते त्यातल्या त्यात बरं.

मग एका हिवाळ्यात फरीजमध्ये माणसं येऊन लाल रंगाचे खुंट ठोकून गेली. खाडीच्या तोंडाशी जहाजं दुरुस्त करायचं मोठं यार्ड होणार होतं, त्याला लागून गोदामं आणि डिझेलच्या टाक्या. फरीजच्या लोकांना आत वाळवंटाकडे नवी घरं मिळणार होती: टाइल्स, प्रत्येक खोलीत एसी, पुढे गाडी लावायला जागा. मी इथे कुणाला वाईट ठरवत नाही. आमच्या गल्लीतल्या कित्येकांना आनंद झाला होता आणि तो खरा होता. ओल आलेल्या भिंतींत राहून ती माणसं थकली होती. पण उम्म मुबारकच्या अंगणात मोहल्ल्यातली मोठी माणसं जमली, तेव्हा त्या दाराच्या चौकटीत उभ्या राहून म्हणाल्या, "आम्हाला एकदा दुसऱ्याच्या हुकमानं उचलून आणलं. दुसऱ्यांदा उचलायचं तर आधी विचारा. घरं कुठे हवीत ते सांगू. पण मैदान, बोरीचं झाड आणि त्यामागचे आमचे मेलेले, हे जागचे हलणार नाहीत."

बोरीमागे जुनं कब्रस्तान होतं. बाहेरच्याला ते दिसायचंही नाही. तिकडच्या रिवाजाप्रमाणे कबरींवर नाव नाही, बांधकाम नाही. डोक्याशी एक ओबडधोबड दगड, पायाशी एक, आणि कित्येकांचे पायाकडचे दगड वाळूत गेलेले. उम्म मुबारकनी बलदियाकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, अर्ज केला. उत्तर सभ्य शब्दांत आलं: नकाशात त्या ठिकाणी कब्रस्तान दिसत नाही, 'खुली जागा' अशी नोंद आहे.

ते पत्र अब्बांनी अंगणात वाचून दाखवलं. घरात आल्यावर ते पलंगावर बसले आणि अम्मीला म्हणाले, "ती शीट मी काढलीय."

अम्मीला समजेना.

"यार्डाचं काम आमच्याच कंपनीकडे आहे. जुन्या सर्व्हे शीटवरून मीच ट्रेस केलं. तिथं काही दाखवलेलं नव्हतं. मी माझ्या हातानं लिहिलं, खुली जागा." ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "रोज त्या झाडाखालून जातो मी. ऑफिसात बसल्यावर ती हीच जागा आहे हे डोक्यात आलं नाही. कागदावर सगळ्या जागा सारख्याच दिसतात."

दुसऱ्या दिवशी अब्बांनी हे जाऊन उम्म मुबारकना सांगितलं. मी दाराआड उभी होते. मला वाटलं आता आमचं सामान बाहेर येणार. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तुला खोडताही येत असेल."

अब्बा म्हणाले, खोडता येतं, ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडतात. पण खरवडलेल्या जागी काय लिहायचं? कबरी किती, कुणाच्या, कुठे, पुरावा काय? उम्म मुबारक म्हणाल्या, पुरावा गाण्यात आहे.

ते गाणं लेवाचं नव्हतं. ते ढोलाशिवाय, टाळीशिवाय, नुसतं म्हणायचं असे, आणि ते मेलेल्या बायकांना आंघोळ घालणाऱ्या बाईकडे असे. चाळीसेक वर्षं ती बाई उम्म मुबारक होत्या. कब्रस्तानात एरवी बायका जात नसत, पण त्या शिरल्या तर पुरुषांतलं कुणी काही बोलत नसे. बोरीच्या खोडापासून सुरुवात करायची आणि दगडामागून दगड नावं घेत जायचं. नाव दोन प्रकारचं असे, हे त्यांनी मला तिथेच समजावलं. मालकांनी दिलेली नावं मोठी सुंदर असत: याकूत, अल्मास, मर्जान, जाफरान. माणकं, हिरे, पोवळी, केशर. "घरातल्या वस्तूंना ठेवावीत तशी," त्या म्हणाल्या. गाण्यात ती नव्हती. गाण्यात होती ती त्या माणसाच्या आईनं, तिकडे समुद्रापलीकडे, त्याला दिलेली नावं.

शाळेतल्या चांगल्या अक्षराची मुलगी म्हणून मला लिहायला बसवलं. मी अरबीत सुरुवात केली. पहिल्या ओळीत 'पेंडो' असं नाव आलं. अरबीत प नाही, मी ब लिहिला आणि वाचून दाखवलं, "बेंदू." उम्म मुबारक थांबल्या. "कोण बेंदू? बेंदू इथे कुणी नाही." पुढे च आला, मी श लिहिला, पुन्हा त्या थांबल्या. इंग्रजीत लिहून पाहिलं तर मलाच दुसऱ्यांदा वाचताना तो उच्चार आला नाही. शेवटी मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून मराठीत लिहायला लागले. पेंडो. म्चांगा. म्वानापिली. न्गोमेला. सगळं बसलं. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एका नावाला त्यांनी मान हलवली. आपल्याकडे 'चहा'तला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. मी दुसरा च लावून पुन्हा वाचलं. "हां," त्या म्हणाल्या, "आता त्यानं ओ दिली असती."

एक्केचाळीस दगड झाले. त्यातल्या सव्विसाव्या दगडापाशी मात्र त्या नुसत्या उभ्या राहिल्या. लहानसा दगड होता, विटेएवढा. "हा मोज," त्या म्हणाल्या, "नाव लिहू नको." मी आकडा घातला आणि पुढची जागा कोरी ठेवली. कारण विचारायचं मला सुचलं नाही असं नाही. धीर झाला नाही.

आता प्रश्न अब्बांचा होता. त्यांनी ठरवलं असतं तर ते गप्प राहू शकत होते. आमचा तिघांचा व्हिसा त्या कंपनीवर होता. मुरूडला घराचं काम अर्धं झालेलं. दोन दिवस ते जेवण अर्ध्यावर टाकून उठले. तिसऱ्या दिवशी अम्मीनं भाकरीचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "मला काय त्या नकाशातलं कळत नाही. पण ती बाई रोज सकाळी तुमच्याहीआधी मला सलाम करते. तिच्या माणसांवर डिझेलची टाकी बसली, तर मी या अंगणात भांडी घासू शकणार नाही. मुरूडला परत जाऊन घासेन."

त्या शुक्रवारी सकाळी अब्बांनी ऑफिसचा नव्हे, स्वतः विकत आणलेला मोजपट्टा काढला. एक टोक मी बोरीच्या खोडाशी धरलं, दुसरं ते घेऊन गेले. प्रत्येक दगडाचं झाडापासूनचं आणि मैदानाशेजारच्या मशिदीच्या कोपऱ्यापासूनचं अंतर मी वहीत घेतलं. पायाखाली कबर येऊ नये म्हणून ते इतके जपून चालत होते, जणू आत माणसं झोपलीत. घरी जमिनीवर कागद पसरून त्यांनी ती शीट काढली. मी त्यांच्या हातची कितीतरी ड्रॉइंग पाहिली होती. एवढी सुबक एकही नव्हती. एक्केचाळीस छोटे चौकोन, प्रत्येकाला आकडा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे कंपनीचा शिक्का असतो तिथे, त्यांचं स्वतःचं नाव.

ती शीट जोडून पुन्हा अर्ज केल्यावर बलदियाचे एक साहेब पाहणीला आले, सोबत कंपनीचा एक तरुण इंजिनीअर. साहेब मध्यमवयीन, शांत गृहस्थ होते. त्यांनी शीट पाहिली, वही पाहिली, आणि मला विचारलं, "ही कुठली लिपी?"

"मराठी," मी म्हटलं.

"अरबी गाणं मराठीत?"

"अरबी नाहीय ते," मी म्हटलं, आणि प आणि च चं सगळं सांगितलं. ते हसले, पण चेष्टेनं नाही. मग इंजिनीअरनं अब्बांना सरळ विचारलं, "तुम्ही आमच्याकडेच काम करता ना? आधीची शीटही तुमचीच आहे."

"दोन्ही माझ्या आहेत," अब्बा म्हणाले. "पहिली मी जागा न बघता काढली. ही बघून काढलीय." फरीजची पन्नासेक माणसं मागे उभी होती.

साहेब उम्म मुबारककडे वळले. "खालती, माझा अविश्वास नाही. पण दगड कुणीही मांडू शकतो, आणि गाणं कालही रचता येतं. वर विचारलं तर मी काय सांगू?"

त्या म्हणाल्या, "फरजला आणा."

गर्दीत चुळबूळ झाली. फरज त्यांचे सख्खे भाऊ. वीस वर्षांपूर्वी फरीज सोडून आत शहराकडे राहायला जाणारे ते पहिले, आणि जाताना सगळ्यांत उंच ढोल घेऊन गेले होते. त्या दिवसापासून बहिणीनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं. "आमच्यात वीस वर्षं शब्द नाही," त्या साहेबांना म्हणाल्या, "हे सगळ्या अमिरातीला ठाऊक आहे. त्यानं हे गाणं आईकडून ऐकलंय, मीही तिच्याकडून. मला कुठेतरी आत बसवा. त्याला विचारा."

कुणीतरी गाडी घेऊन गेलं. तोवर साहेबांनी उम्म मुबारकना मशिदीच्या मागच्या खोलीत बसवून दाराशी आपला माणूस ठेवला. फरज आले तेव्हा मला धक्का बसला. त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. काठी टेकत, एका हातानं हवा चाचपत ते बोरीपर्यंत आले, खोडाला तळवा लावला आणि तिथेच उभे राहिले. काय हवंय ते सांगितल्यावर म्हणाले, "दगड दाखवू नका. मला दिसत नाहीत. मी म्हणत चालतो, तुम्ही बघा."

आणि ते म्हणू लागले. मी वहीत बोट ठेवून एकेक ओळ खाली येत होते. पेंडो. म्चांगा. म्वानापिली. साहेब माझ्या शेजारी, आणि प्रत्येक नावाला मी मान हलवली की ते अब्बांच्या शीटवर पेन्सिलीनं टिंब देत. दहा झाले, पंधरा झाले. बहिणीच्या सुरात एक वळण होतं, तेच वळण, त्याच जागी. चोवीस. पंचवीस. आता ते थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "चौसिकू. माझ्या बहिणीची मुलगी."

माझं बोट कोऱ्या जागेवर होतं. साहेबांनी ते पाहिलं. "इथे काय लिहिलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांनी लिहू दिलं नाही."

फरजनी आमचं बोलणं ऐकलं. "सातव्या दिवशी नाव ठेवायचं असतं," ते म्हणाले. "ती सहाव्या दिवशी गेली. कबर मी खणली. उतरवताना विचारलं, हिला काय म्हणू? तेव्हा बहिणीनं माझ्या कानात सांगितलं. ते नाव फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. मी तिकडे एकटा म्हणतो तेव्हा घेतो. ती घेते की नाही मला माहीत नाही." मग त्यांनी सत्ताविसावं नाव घेतलं आणि एक्केचाळीसपर्यंत एकही न चुकता गेले.

साहेब स्वतः ते एक नाव विचारायला त्या खोलीकडे गेले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. उम्म मुबारक बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मुखवटा काढून हातात धरला होता, एवढ्या परक्या पुरुषांसमोर, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आता त्या रडतील, गळ्यात पडतील, असं सगळ्यांना वाटत होतं.

"ढोल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"घरी."

"चामडं फाटलं असेल."

"दर हिवाळ्यात तेल लावतो," फरज म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून त्यांना आमच्या आवारात घेऊन गेल्या. जेवायला नारळाचा भात होता. अम्मीनं भाकऱ्या पाठवल्या. त्या वहीतली सव्विसावी ओळ मी त्याच संध्याकाळी, त्यांच्यासमोर बसून, भरली.

सगळं मिळालं असं नाही. यार्ड झालं, पण खाडीच्या पलीकडच्या काठाला सरकलं आणि लहान झालं. मैदान, बोर आणि कब्रस्तान वाचलं. त्याभोवती कमरेएवढी भिंत बांधली गेली. दोन गल्ल्या रस्त्यात गेल्या, त्यातली बरीचशी माणसं खुशीनं नव्या घरांत गेली आणि शुक्रवारी परत यायला लागली. आमच्या दोन खोल्याही त्याच रस्त्यात गेल्या. अब्बांना कंपनीत कुणी एक शब्द बोललं नाही. करार संपला तेव्हा पुढचा करार आला नाही, एवढंच. दीड महिना ते फाइल घेऊन दुबईतल्या देरा भागातल्या ऑफिसांच्या पायऱ्या चढत होते. अखेर अल कुसैसमध्ये दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळालं. पुलांचे आणि बंदराच्या धक्क्यांचे नकाशे काढणारा माणूस आता बिर्याणी हाउस आणि टायर शॉपची अक्षरं काढू लागला. मी तेव्हा त्यांच्यावर मनातून चिडले होते. नवी शाळा, नवी बिल्डिंग, तिसरा मजला, अंगण नाही. त्यांनी मला काही समजावलं नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, आणि इतक्या माणसांसमोर 'दोन्ही माझ्या आहेत' म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आली असती तर काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

अल कुसैसला येऊन दुसराच शुक्रवार होता. दुपारी वॉचमन धापा टाकत वर आला. "मॅडम, नीचे बहोत लोग आये हैं. ढोल लेके." खाली गेलो तर दोन पिकअप उभ्या, आणि त्यातून फरीज उतरत होता. बायका, म्हातारे, पोरं, भाताची दोन मोठी पातेली. उम्म मुबारक लिफ्टकडे संशयानं बघत उभ्या होत्या. "एवढ्याशा खोलीत मला घालू नका," त्या म्हणाल्या. वर तरी एवढी माणसं मावणार कुठे होती! बिल्डिंगमागे पार्किंगची वाळूची जागा होती. अम्मीनं तिथेच चादरी अंथरल्या. मल्याळी, पठाण, आमच्या मजल्यावरचं पुण्याचं जोडपं, सगळे गॅलऱ्यांत येऊन उभे राहिले. जेवणं झाली, उंच ढोल मधे आला, सुरनाई सुरू झाली आणि उभ्या गाड्यांमधून वाट काढत गोल फिरू लागला.

फरज एका कडेनं चालत होते. अब्बांच्या समोर आल्यावर ते थांबले, त्यांना कसं कळलं कोण जाणे, आणि म्हणाले, "यल्ला, मुहंदिस." मुहंदिस म्हणजे इंजिनीअर. अब्बा कधीच इंजिनीअर नव्हते. नको नको म्हणत त्यांनी चष्मा अम्मीच्या हातात दिला, चपला काढल्या आणि ऑफिसच्या पँटमध्ये, इस्त्रीच्या शर्टात, त्या गोलात शिरले. त्यांना ताल सापडेना. पुढे जायचं तिथे थांबत होते, थांबायचं तिथे पुढच्यावर आदळत होते. गॅलरीतून कुणीतरी हसलं. फरजनी काठी बगलेत धरली, मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अब्बांची पावलं बरोबर पडू लागेपर्यंत तो काढला नाही.